हजेरीपटावरची माणसं

एखादी राजवट एखाद्या जमातीच्या मुळावर उठते, तेव्हा ती तसं तोंडाने कबूल करत नाही. आम्हाला कुणाच्या रक्ताशी, भाषेशी, देवांशी देणंघेणं नाही, आम्ही गुन्हेगारीचा बंदोबस्त करतो आहोत, असंच तिचं म्हणणं असतं. फेब्रुवारी 1944 मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी जेमतेम आठवडाभरात चेचेन आणि इंगुश मिळून सुमारे पाच लाख माणसं मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात धाडली. आरोप होता जर्मनांना फितूर झाल्याचा, आणि तो तान्ह्या पोरांवरही होता. तिथे पोचल्यावर कुटुंबाकुटुंबाची नावं कमांडंटच्या वहीत चढली. ठरलेल्या दिवशी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हद्द ओलांडायची नाही, आणि नोव्हेंबर 1948 च्या हुकुमानंतर पळालेला सापडला तर 20 वर्षं सक्तमजुरी. जर्मनीत रोमा आणि सिंती लोकांच्या नोंदी ठेवणारं पोलिसी कार्यालय म्युनिकमध्ये 1899 सालीच उघडलं होतं. हिटलर तेव्हा दहा वर्षांचं पोर होता. बव्हेरियाने 1926 मध्ये या लोकांच्या फिरण्यावर, मुक्कामावर निर्बंध घालणारा कायदा केला, तोही निवडून आलेल्या विधिमंडळात. नात्झींना नोंदींची कपाटं आयती मिळाली. 2 ऑगस्ट 1944 च्या रात्री ऑश्वित्झमधल्या रोमा छावणीत उरलेली चार हजारांवर माणसं विषारी वायूच्या कोठड्यांत मारली गेली, तोवर त्या कपाटांना पंचेचाळीस वर्षं झाली होती.

वंशाच्या छळाचा शोध आपण नेहमी द्वेषाच्या भाषणांत घेतो. मला तो नोंदवहीत घ्यावासा वाटतो. माणसाने काय केलं याऐवजी तो कुणाच्या पोटी जन्मला हे ज्या दिवशी सरकारी रकान्यात पुरावा म्हणून लिहिलं जातं, तिथे या गोष्टीची सुरुवात होते. आणि अशी पद्धतशीर वही सर्वांत आधी जिथे उघडली गेली, त्या देशांत आपला क्रमांक बराच वरचा आहे. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा म्युनिकच्या कार्यालयाहून 28 वर्षांनी जुना. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर होणार, कारण हिंदुस्थानात धंदा जातीने चालतो, असा युक्तिवाद त्यामागे होता. कायदा आधी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. 1911 च्या दुरुस्तीने तो देशभर लागू करता येऊ लागला, 1924 मध्ये पुन्हा एकत्रित केला गेला. सरकारने राजपत्रात जमातीचं नाव छापलं की काम झालं. त्या अधिसूचनेच्या वैधतेवर कोणत्याही न्यायालयाने प्रश्न उपस्थित करायचा नाही, हे कायद्यातच लिहिलेलं होतं. मग बोटांचे ठसे, पोलीस पाटलाकडे हजेरी, गाव सोडायचं तर पास. ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान सात वर्षं, तिसऱ्यांदा झाली तर जन्मठेप काळ्या पाण्याची. मुंबई इलाख्याचा पोलीस अधिकारी मायकेल केनेडी याने 1908 मध्ये गुन्हेगार वर्गांवर जाडजूड पुस्तक काढलं, त्यात कैकाडी, बेरड, मांग गारुडी, पारधी यांची प्रकरणं आहेत. पेहराव कसा, बोली कशी, चोरी कशी करतात, ओळखायचे कसे. पक्ष्यांची ओळख करून देणारी पुस्तकं असतात, त्याच धाटणीचं.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. ब्रिटिश राज्य सर्वंकष हुकूमशाही नव्हतं. वर्तमानपत्रं होती, वकील होते, टिळकांवर खटला चालला तरी तो चालला उघड्या कोर्टात. या जमातींना जिथे डांबून ठेवलं जाई त्या सोलापूरच्या वसाहतीची तुलना ऑश्वित्झशी करणं म्हणजे तिथे मेलेल्यांचा अपमान करणं आहे, आणि ती मी करत नाही. सोलापुरात माणसं मारण्यासाठी ठेवलेली नव्हती. पण सर्वंकष सत्ता देशाच्या नकाशावर सगळीकडे सारखी पसरलेली असावी लागते, हे गृहीतक मला पटत नाही. सोलापुरात काटेरी तारेचं कुंपण होतं. कुंपणाबाहेरच्या गिरणीमालकाला, शिक्षकाला, भाजीवाल्याला कायद्याचं राज्य लाभत होतं. कुंपणाच्या आतल्या बाईला बाजारात जायला पास लागत होता. तिच्या जगण्यातला असा एकही कोपरा नव्हता जिथे सरकारला जाता येत नव्हतं. उदारमतवादी राज्याच्या पोटात अशी पूर्ण हुकूमशाही नांदू शकते, आणि बाहेरच्यांना ती दिसतही नाही, हाच या कायद्याचा खरा धडा आहे. (टिळकांच्या खटल्यावर आपल्याकडे शंभर पुस्तकं आहेत. या जमातींचं जगणं मराठी वाचकाला नीट कळायला लक्ष्मण माने आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या आत्मकथनांची, म्हणजे 1980 च्या दशकाची, वाट पाहावी लागली.)

दुसरा आक्षेप चारचौघांत दबक्या आवाजात घेतला जातो, म्हणून तो मोठ्याने मांडलेला बरा: यांच्यातले काही चोऱ्या करतच होते ना? होते. फासे लावून तितर, लावे, हरणं धरणाऱ्या पारध्यांच्या वाटेत 1878 चा वन कायदा आला, पुढे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार हाच गुन्हा ठरला. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहणाऱ्यांचा धंदा रेल्वेने गिळला. जगण्याचं साधन कायद्याने काढून घेतलेल्या माणसांतले काहीजण चोरी करणार, यात नवल काय? पण चोरी करणाऱ्याला शिक्षा द्यायला भारतीय दंड संहिता 1860 पासून होतीच. नवा कायदा हवा होता तो चोरी न केलेल्यांसाठी. सुधारणेचा युक्तिवाद याहून मुरलेला आहे. वसाहतींत शाळा होत्या, सोलापूर, हुबळी, गदगच्या गिरण्यांत रोजगार होता, वसाहतींचा कारभार पाहणारे स्टार्टसारखे अधिकारी मनापासून झटत होते, असं सांगितलं जातं. झटत असतीलही. मात्र सोडून जाता न येणारा मजूर गिरणीला मिळत होता, हेही त्याच हिशेबात मांडायला हवं. आणि 1897 च्या दुरुस्तीने चार वर्षांच्या मुलांनाही आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याची मुभा दिली, हेही. चीनने 2017 पासून शिनजियांगमध्ये उइघुरांसाठी ज्या बंदिस्त छावण्या चालवल्या, त्यांना तिथलं सरकार व्यवसाय प्रशिक्षण केंद्रं म्हणत होतं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने तिथली कृत्यं मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात असा अहवाल दिला, तो 31 ऑगस्ट 2022 रोजी. आपल्याकडे तो विमुक्त दिन. योगायोगच, पण बोलका.

विमुक्त दिन 31 ऑगस्टला, कारण 1952 मध्ये त्या तारखेला गुन्हेगार जमाती कायदा देशभरातून गेला. देश स्वतंत्र झाला 1947 मध्ये, राज्यघटना लागू झाली 1950 मध्ये. मधल्या काळात फार थोड्यांना त्याचं अवघड वाटलं. मग आता तो विषय संपला, असं म्हणणाऱ्यांना जर्मनीचं उदाहरण देता येईल. पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1956 मध्ये निकाल दिला, की मार्च 1943 पूर्वी रोमांवर झालेली कारवाई वांशिक नव्हती, ती गुन्हेगारी प्रतिबंधाची पोलिसी उपाययोजना होती. सबब भरपाई नाही. हिटलर गेला तरी वहीतला शेरा न्यायाधीशांना खरा वाटत होता. तो निकाल 1963 मध्ये त्याच न्यायालयाने फिरवला. आपल्याकडे 1952 नंतर सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा 1959 मध्ये. जमातीचं नाव कागदावरून गेलं, ठाण्यातली सवय राहिली. 2003 मधल्या नाशिक परिसरातल्या एका भीषण हत्याकांडात भटक्या जमातीतल्या सहाही जणांना सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये फाशीची शिक्षा दिली, आणि 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडून प्रत्येकी 5 लाख रुपये द्यायला सांगितलं. वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांच्या छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखलं होतं, त्यांचा तपासच झाला नव्हता. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर 3 ऑक्टोबर 2024 रोजी निकाल देताना न्यायालयाला तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाका, असा आदेश द्यावा लागला. कायदा जाऊन 72 वर्षं झाली होती.

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या माणसाला हे दूरचं वाटू नये. समृद्धी महामार्ग ज्या शिवमडक्यापासून सुरू होतो ते गाव याच तालुक्यात आहे. तोच रस्ता पुढे अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा इथे मतीन भोसले यांनी फासे पारधी मुलांसाठी उभारलेल्या प्रश्नचिन्ह आश्रमशाळेच्या आवारातून गेला आणि 2019 मध्ये शाळेच्या ग्रंथालयासह काही बांधकाम पाडलं गेलं. हा वांशिक छळ होता असं मी म्हणणार नाही. रस्त्याने इतरांचीही जमीन घेतली आहे. पण ज्यांचं नाव पिढ्यान्‌पिढ्या फक्त ठाण्याच्या वहीत होतं, सातबाऱ्यावर नव्हतं, त्यांना भूसंपादनाच्या टेबलावर काय हाताशी असतं, एवढं तरी विचारता येतं. शिवाय वही आता बदलते आहे. गुन्हेगारीचा माग कृत्रिम बुद्धिमत्तेने काढण्यासाठी राज्य सरकारने 2024 मध्ये मार्व्हल ही कंपनी स्थापन केली, ती नागपुरातच. तिचा हेतू वाईट आहे असं मानायला मला काही कारण दिसत नाही, आणि घरफोडीचा छडा लवकर लागावा हे हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगारालाही हवंच आहे. मात्र यंत्र शिकतं ते जुन्या नोंदींवरून. पारध्यांच्या कुठल्या बेड्यावर (वस्तीवर) किती वेळा धाड पडली, संशयावरून कितीजण उचलले आणि सोडून दिले, हे सगळं त्या नोंदींत गुन्ह्याचं लक्षण म्हणून बसलेलं असू शकतं, आणि पोलिसी सवयीचा हा साठा पुढच्या धाडीचं कारण म्हणून परत येऊ शकतो. या वेळी जातीचं नाव न घेता. निव्वळ मागास समाजात जन्मल्यामुळे कुणाचं नाव यांत्रिकपणे पोलिसांच्या हिस्ट्री शीटवर चढवू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये सांगितलं आहे. तेव्हा जुन्या हिस्ट्री शीट यंत्रात घालण्याआधी त्यांतली कुठली नोंद शाबित गुन्ह्याची आहे आणि कुठली निव्वळ संशयाची, याची छाननी बाहेरच्या माणसांकडून, विमुक्तांचे प्रतिनिधी बसवून, व्हायला हवी आणि तिचा अहवाल विधिमंडळासमोर ठेवला जायला हवा. हिवाळी अधिवेशन एरवी नागपुरातच भरतं.