कडब्याची गंज

आमच्या घरामागे चिंचेच्या झाडाखाली एक मोकळी जागा आहे. रब्बीची ज्वारी निघाली की तिथे कडब्याची गंज रचली जाते. लहानपणी आम्ही भावंडे त्या गंजीवर चढून घसरत असू आणि आजीच्या शिव्या खात असू. "अरे, बैलाच्या ताटात नाचता व्हय रे!" असे ती ओरडायची. २०२३ च्या मे महिन्यात ती जागा रिकामी झाली. ती का रिकामी झाली, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे. कारण ती माझ्यामुळे रिकामी झाली.

आमचे गाव बीड जिल्ह्यात, धारूरच्या डोंगरात. जमीन हलकी, मुरमाड. खरिपाला सोयाबीन आणि रब्बीला ज्वारी, तीही पावसाच्या मर्जीवर. घरी हरण्या आणि सोन्या अशी बैलजोडी आणि एक गाय. नगदी पैसा असा सोयाबीन विकल्यावरच दिसतो, आणि तो दिवाळीपर्यंत देणेकऱ्यांच्या हातात जातो.

मी नुकतीच बारावीची परीक्षा दिली होती. एप्रिलमध्ये हवामान खात्याने मॉन्सूनचा पहिला अंदाज जाहीर केला. देशात सरासरीच्या ९६ टक्के पाऊस होईल, मात्र पावसाळ्यात 'एल निनो' येण्याची शक्यता आहे, असे त्यात होते. पॅसिफिक महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापले की बहुतेकदा आपल्याकडचा पाऊस कमी होतो, एवढे मला भूगोलाच्या पुस्तकातून ठाऊक होते. ओट्यावर बसून मी ती बातमी मोठ्याने वाचली. आजी ज्वारी निवडत होती. तिने मान वर न करताच अण्णांना बजावले, "आवंदा कडबा इकू नको. पाऊस लांबला तर जनावरानं काय खावं?"

आजी १९७२ च्या दुष्काळात दहा-बारा वर्षांची होती. आईबरोबर ती खडी फोडायला जात असे. परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी ती आजही विसरलेली नाही. पण ती भुकेविषयी फारसे बोलत नाही. बोलते ती बैलांविषयी. तिच्या वडिलांनी आधी भांडी विकली, मग बैल विकले. पुढे पाऊस पडला, रान ओले झाले. पण औताला जुंपायला दावणीला काही उरले नव्हते. "दुष्काळ एक साल व्हता," ती म्हणते, "आमच्या घरात चार साल राहिला."

अण्णांना तिचे म्हणणे पटत नव्हते असे नाही. पण माझ्या प्रवेशाचे, तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहण्याचे पैसे जूनमध्ये भरायचे होते. बियाण्याचा खर्च निराळाच. ते म्हणाले, "माय, तुझं खरं हाय. पर फी काय कडब्यानं भरायची?" आणि अखेर फी कडब्यानेच भरली गेली. व्यापाऱ्याचा टेम्पो आला तेव्हा पेंढ्या चढवू लागायला मी सर्वांत पुढे होतो. आजी दारात उभी होती. मी तिला म्हणालो, "आजी, ९६ टक्के म्हणजे सरासरीइतकाच पाऊस असतो." बारावी झालेल्या नातवाचा शहाणपणा तिने मुकाट्याने ऐकून घेतला.

मृग कोरडा गेला. मॉन्सून कोकणात पोचला आणि तिथेच अडखळला. जूनच्या अखेरीस तो राज्यभर पसरला. पेरणी जुलैत झाली. सोयाबीन बरे उगवले आणि फुलोऱ्यावर आले, तोच ऑगस्टमध्ये आभाळ स्वच्छ झाले. त्या महिन्यात देशात सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस पडला. १९०१ पासून इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. आमच्या रानात फुले गळाली, शेंगा चपट्या राहिल्या. दावणीपुढे टाकायला काही नव्हते. मे महिन्यात आम्ही ज्या भावाने कडबा दिला, त्याच्या जवळजवळ दुप्पट भाव गावात ऐकू येऊ लागला. सप्टेंबरात अण्णांनी सोन्याला बाजारात नेले. त्या दिवशी बाजारात घेणाऱ्यांपेक्षा विकणारेच अधिक होते. मिळालेल्या पैशाविषयी ते घरी एक शब्दही बोलले नाहीत. रात्रभर हरण्या रिकाम्या खुंट्याकडे पाहून हंबरत होता.

ऑक्टोबरच्या अखेरीस सरकारने राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात आमचा धारूर तालुका होता. सवलतींच्या यादीत विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफीही होती. ते वाचून मला हसावे की रडावे हे कळेना. मदत आली, ती चांगल्या हेतूनेच आली. पण सोन्या गेल्यावर आली.

तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. पाऊस किती पडला, पेरा किती झाला, जमिनीत ओल किती उरली, पीक किती हाती लागले, हे सारे मोजून मग दुष्काळ ठरतो. जुन्या पैसेवारीतही पीक पन्नास पैशांच्या आत आले म्हणजे मगच टंचाई मानली जाई. मोजणी हवीच, नाहीतर सरकारी पैसा भलत्याच्या हाती जाईल. पण जे आधीच बुडाले आहे तेवढेच मोजले जाते. जे अजून वाचवता आले असते त्याची नोंद कोण घेणार?

या प्रश्नाचे थोडे उत्तर मला आपल्या ग्रंथालयात मिळाले. २०२० च्या जुलैत बांगलादेशात जमुना नदीला मोठा पूर येणार, असा अंदाज होता. तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या आपत्कालीन निधीतून पाणी कमाल पातळीला पोचण्याआधीच पैसे सोडण्यात आले. नदीकाठच्या कुटुंबांना रोख रक्कम मिळाली. जनावरांसाठी खाद्य आणि धान्य-बियाणे भिजू नये म्हणून घट्ट झाकणाची पिंपे मिळाली. किती पाण्याचा अंदाज आला म्हणजे पैसा सोडायचा, हे अगोदरच ठरलेले होते. आपल्या महाराष्ट्रालाही हा विचार अगदीच परका नाही. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून उभी राहिलेली रोजगार हमी १९७७ साली कायद्यात आली, तिचे मर्म हेच होते की मागेल त्याला काम मिळावे. माणसाला दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहत बसावे लागू नये.

कोणी म्हणेल, अंदाज चुकला तर? चुकतो, आणि पुढेही चुकेल. पण आजीचे गणित साधे होते. पाऊस चांगला झाला तर राखलेला कडबा वाया जात नाही, पुढच्या साली कामी येतो. पाऊस गेला तर बैल वाचतो. दोन्हीकडून तोटा नाही असेच काम तिने सांगितले होते. अडचण होती ती निराळीच. आजीला कळत होते, अण्णांना कळत होते, मलाही कळत होते. कळून ते करायला मे महिन्यात चार पैसे हाताशी नव्हते. गरिबाला इशारा मिळतो, उसंत मिळत नाही. जी मदत नोव्हेंबरात यायची, तिचा थोडा भाग मे महिन्यात आला असता, तर आमची जोडी फुटली नसती.

आपल्यापैकी कित्येकजण स्पर्धा परीक्षांची तयारी करीत आहेत. उद्या कोणी तलाठी होईल, कोणी ग्रामसेवक, कोणी तहसीलदारही होईल. मित्रहो, गावची नोंद घ्यायला जाल तेव्हा उभ्या पिकाबरोबर घरामागच्या गंजीकडेही एकदा पाहा. गंज भलत्या वेळी विकली जात असेल, तर दुष्काळ त्या घरात आधीच शिरला आहे असे समजा.

२०२५ च्या उन्हाळ्यात आमच्या चिंचेखाली पुन्हा गंज उभी राहिली. त्या साली संकट उलटे आले. सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. पावसाचा इशारा मी फोनवर पाहिला आणि या वेळी टक्केवारी सांगत बसलो नाही. अण्णा आणि मी संध्याकाळीच गंजीवर ताडपत्री आवळून बांधली आणि भोवती चर खणला. सोयाबीन पाण्यात गेले, बांध फुटले. पण कडबा कोरडा राहिला. सकाळी आजी काठी टेकीत आली, ताडपत्रीखाली हात घालून तिने चाचपले आणि एक पेंढी ओढून हरण्यापुढे टाकली. शेजारचा खुंटा अजून रिकामाच आहे.

— एक विद्यार्थी, तृतीय वर्ष कला