दारात ठेवलेली भेट

शाळेत कुणाला वाईट नाव पाडायचं, कुणाबद्दल खोटंनाटं पसरवायचं आणि मोठेपणी ‘अहो, तो पोरकटपणा होता’ म्हणून मोकळं व्हायचं. पण असं म्हणतो कोण? ज्यानं केलं तो. ज्यानं सोसलं, त्याला कुणी विचारायलाही जात नाही. २०१५ साली आलेला ‘द गिफ्ट’ हा इंग्रजी चित्रपट नेमकं इथंच बोट ठेवतो. ऑस्ट्रेलियन अभिनेता जोएल एजरटन यानं तो लिहिला, दिग्दर्शित केला आणि त्यातल्या गोर्डोची भूमिकाही केली.

सायमन आणि रॉबिन हे जोडपं शिकागोहून कॅलिफोर्नियात राहायला येतं. नवं घर, चांगली नोकरी, बाळाची आस. सायमन याच भागात वाढलेला. खरेदीला गेले असताना त्याच्या शाळेतला गोर्डो भेटतो आणि मग दारात भेटवस्तू येऊ लागतात. आधी वाइनची बाटली, मग अंगणातल्या छोट्या तळ्यात सोडलेले मासे. रॉबिनला तो एकाकी, भिडस्त वाटतो. सायमन मात्र वैतागतो आणि ‘पुन्हा येऊ नकोस’ असं बजावतो. त्यानंतर गोर्डोचं पत्र येतं. झालं गेलं विसरायची आपली तयारी होती, असं त्यात असतं.

झालं गेलं म्हणजे काय? रॉबिन विचारते. नवरा उडवून लावतो.

शेवटी नणंदेकडून तिला कळतं. सायमननं शाळेत गोर्डोवर एक गलिच्छ आळ घेतला होता, धडधडीत खोटा. तो खरा मानून बापानं पोटच्या पोराला जवळजवळ मारूनच टाकलं होतं. हे ऐकल्यावर रॉबिनला भीती वाटते ती गोर्डोची नाही, शेजारी झोपणाऱ्या माणसाची. कारण सायमन बदललेलाच नसतो. बढतीसाठी त्यानं प्रतिस्पर्ध्याविरुद्धही तेच हत्यार वापरलेलं असतं.

चित्रपटातला सर्वात बोचरा प्रसंग माफीचा आहे. बायकोच्या आग्रहाखातर सायमन गोर्डोकडे जातो, कसंबसं ‘चुकलं’ म्हणतो. गोर्डो ती माफी स्वीकारत नाही. झालं! सायमन त्याला तिथंच मारहाण करतो. विनोदी भूमिकांसाठी ओळखला जाणारा जेसन बेटमन इथं सायमन झाला आहे, म्हणूनच त्या हसऱ्या चेहऱ्यामागची गुर्मी अधिक अंगावर येते.

शेवट सांगून रसभंग करायला नको. पण एक खटकतंच. हिशेब दोन पुरुषांचा, आणि सुडासाठी वेठीला धरली जाते ती रॉबिन. अख्ख्या गोष्टीत गोर्डोशी माणुसकीनं वागलेली एकटी तीच. रेबेका हॉलनं ही घुसमट फार संयमानं उभी केली आहे. इस्पितळात, बाळंतपणानंतर, ती नवऱ्याला अगदी शांतपणे सांगते की आता त्याच्याबरोबर घरी यायचं नाही. तिकडे घराच्या दारात पुन्हा एक भेट येऊन पडलेली असते.