वहीचे पहिले पान

नववीच्या वर्गात एका मुलीने विचारले, "मॅडम, आपल्या मोहल्ल्यातले कोण कोण खेळाडू होते, हे कुठे लिहिलंय का?" "पुस्तकात नाही," म्हणून मी पुढचा धडा घेतला. घरी आल्यावर मात्र आर्थर ॲश आठवले.

अमेरिकेतील रिचमंडचे हे कृष्णवर्णीय खेळाडू. लहानपणी गोऱ्यांच्या टेनिस कोर्टवर त्यांना बंदी होती. १९६५ मध्ये ते महाविद्यालयीन टेनिसचे विजेते झाले, १९७५ मध्ये विम्बल्डन जिंकले. गरीब वस्त्यांतील मुलांना टेनिस शिकवणारी संस्था त्यांनी सहकाऱ्यांसोबत १९६९ मध्येच उभी केली होती. पुढे फ्लोरिडातील एका कॉलेजात ते कृष्णवर्णीय खेळाडूंविषयी शिकवायला गेले, तर पुरेशी पुस्तकेच नाहीत! त्यांनी सबब सांगितली नाही. स्वतः लिहायला बसले. १९८८ मध्ये त्या इतिहासाचे तीन खंड निघाले.

इल्म ही अमानत आहे, असे मी मुलांना सांगते आणि सबबही मीच सांगते!

दुसऱ्या दिवशी कोरी वही घेऊन वर्गात गेले. म्हटले, "बेटा, तुझे नाना कुस्ती खेळायचे ना? पहिले पान त्यांचे. जुम्याला त्यांच्याकडे जाऊ या."