पंचवीस तासांचा दिवस

वेळ पुरत नाही, ही तक्रार आम्हा नोकरदार बायकांच्या तोंडी इतकी बसली आहे की, ती तक्रार आहे हेही आता आमच्या लक्षात येत नाही. सकाळची लोकल, कॉलेजातले तास, परतीची लोकल, भाजी, कुकर! दिवसाला एक तास जास्त मिळाला असता तर किती बरे झाले असते, असे मी आजवर निदान हजार वेळा म्हटले असेन. २०२३च्या नोव्हेंबरात तो तास मला खरोखरच मिळाला. एकदा नव्हे, सहा वेळा. आणि मिळाल्यावर त्याचे काय करायचे, हे काही मला सुचेना!

झाले असे. माझा थोरला भाऊ फ्लॉरिडात असतो. हिवाळा तोंडावर आला की युरोपातल्या पुष्कळशा प्रवासी बोटी भूमध्य समुद्र सोडून कॅरिबियनकडे निघतात. पाखरांसारखे त्यांचेही हे स्थलांतरच. बोट न्यायची तर आहेच, मग रिकामी कशाला न्या, म्हणून त्या फेरीची तिकिटे बरीच स्वस्त असतात. भावाने आदल्या वर्षीच आई-बाबांची दोन तिकिटे काढून ठेवली होती. फेब्रुवारीत आई गेली. तिच्या नावाच्या जागी माझे नाव घातले गेले, आणि दिवाळीच्या सुट्टीला थोडी रजा जोडून मी बाबांबरोबर बार्सिलोनाला बोटीवर चढले.

बाबा मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होते. चौतीस वर्षे त्यांनी बोटीतून उतरणारा आणि बोटीत चढणारा माल मोजला. इंदिरा गोदीला ते अजून अलेक्झांड्राच म्हणतात. इतकी वर्षे बोटींच्या सावलीत काढूनही बोट सुटताना ते नेहमी धक्क्यावर असत. म्हणून 'क्रूझ' हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही. "आपण बोटीनं चाललोय," असे ते शेजाऱ्यांना सांगत, आणि ते सांगताना त्यांचा आवाज जरा चढे.

कॅनरी बेटांतले तेनेरीफ ७ नोव्हेंबरला मागे पडले. त्यानंतर पुरे सात दिवस पाणी. कोलंबस १४९२ साली याच बेटांपैकी गोमेरा बेटावरून ६ सप्टेंबरला निघाला तो १२ ऑक्टोबरला पलीकडे टेकला. छत्तीस दिवस लागले त्याला. आम्हाला साडेसातच लागणार होते, आणि तेवढ्यानेही बरोबरचे उतारू 'दिवस कसा घालवायचा' या विवंचनेत पडलेले! पहिला दिवस बोट पाहण्यात जातो. दुसऱ्या दिवशी कळते की, बोट पाहून झाली. मग कोणी विणकाम काढतो, कोणी पत्ते, कोणी सकाळी दहाला सामान्यज्ञानाच्या स्पर्धेला हजर होतो. मी तीन जाडजूड पुस्तके नेली होती. त्यांतली चाळीस पाने वाचून झाली. वाऱ्याने पान उलटते हे कारण मी स्वतःला देत असे. खरे म्हणजे वारा नव्हताच. तिकडे ईशान्येचे व्यापारी वारे बोटीच्या पाठीमागून येतात. बोटीचा वेग आणि वाऱ्याचा वेग सारखा जुळला की डेकवर पान हलत नाही, आणि खाली समुद्र मात्र फेसाळत असतो. कोणी ओढून नेते आहे आणि आपण जागच्या जागी आहोत, असे काहीसे वाटते.

वारांचीही ओळख पुसट होते. म्हणूनच की काय, लिफ्टमध्ये पायाखाली वाराचे नाव विणलेली सतरंजी असे, ती रोज मध्यरात्री बदलत. माणसे मान खाली घालून 'आज गुरुवार' असे वाचत.

बाबांना मात्र दिवस कसा घालवायचा हा प्रश्न पडला नाही. डेकच्या तीन फेऱ्या म्हणजे एक मैल, असे एका पाटीवर लिहिले होते. बाबा ते मैल मोजत. वहीत चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, अगदी गोदीतल्यासारखी. दुपारी बारा वाजता कप्तान कर्ण्यावरून अक्षांश, रेखांश, वेग आणि पाण्याची खोली सांगे. तेही वहीत जाई. "चार हजार मीटरच्या वर पाणी आहे खाली," असे ते मला जेवताना सांगत. माझा घास थोडा वेळ तोंडातच राही. एकदा त्यांनी उडते मासे दाखवले, आणि एकदा पाण्यावर मैलोगणती लांबलेले पिवळट शेवाळाचे पट्टे. किनारा नसलेला जो सारगॅसो समुद्र, त्याचे हे शेवाळ. बाबा म्हणाले, "हे कुठून आलं, याचं बिल ऑफ लेडिंग नाही!"

रात्री घड्याळ एक तास मागे करायचे, अशी चिठ्ठी मधूनमधून खोलीत येऊन पडे. तो माझा पंचवीस तासांचा दिवस. मी घड्याळ मागे करीत असे. बाबा करीत नसत. त्यांचे एच. एम. टी. डोंबिवलीच्या वेळेवर होते आणि तिथेच राहिले.

आई गेल्यापासून संध्याकाळी सातचा दिवा बाबा लावीत. कोणी त्यांना सांगितले नव्हते. आईबद्दल ते एक अक्षर बोलत नसत. या आठ-नऊ महिन्यांत आम्ही तिचे नाव घेतले की ते उठून बाल्कनीत जात. बोटीवर ज्योत पेटवायला सक्त मनाई. तेनेरीफ सोडल्यावर दुसऱ्या दिवशी जेवताना दीड वाजता त्यांनी चमचा खाली ठेवला, मनगटाकडे पाहिले आणि क्षणभर डोळे मिटले. घरी सात वाजले होते. पुढे घड्याळ मागे गेले तसे हे सात साडेबाराला वाजू लागले, मग साडेअकराला. आमच्या घरची दिवेलागण रोज समुद्रावरच्या सकाळीत सरकत चालली होती.

१२ नोव्हेंबरला दिवाळी आली. त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी. बाबांनी उटणे आणले होते. कपाटाएवढ्या न्हाणीघरात अभ्यंगस्नाने झाली. कारीट कुठले! चकलीचा डबा मात्र होता. आमची खोली झाडणारा मुलगा पेडण्याचा होता. ही त्याची समुद्रावरची चौथी दिवाळी. चकली खाताना तो बराच वेळ काही बोलला नाही. मग जेवणघरातल्या टेबलांवरचे बॅटरीचे दोन दिवे घेऊन आला. "काकानू, हांगा खरो दिवो लावपाक दिनात," असे म्हणून ते त्याने बाबांच्या हातावर ठेवले.

"ह्यात तेल कुठं घालायचं?" बाबांनी विचारले. पण दिवे परत केले नाहीत.

साडेदहाला, भर उन्हात, आम्ही डेकवर एका बाकाशी ते दोन दिवे लावले. उजेड दिसतच नव्हता. बाबा समुद्राकडे पाहत म्हणाले, "तुझ्या आईला बोट लागायची."

मी काही बोलले नाही.

"भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जायचं, तरी पदराला लिंबू बांधून बसायची. डोळे मिटून."

आईचे माहेर रेवसजवळचे. 'रामदास' बोट १९४७च्या जुलैत रेवसला निघाली असताना बुडाली आणि सहाशेच्या वर माणसे गेली. आई त्यानंतर जन्मली. पण त्या किनाऱ्यावरच्या घरांतून 'रामदास'ची गोष्ट पोरांना भातातून भरवली जात असे.

"मग या प्रवासाला ती हो कशी म्हणाली?" मी विचारले.

बाबांनी सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांची एक पट्टी काढली. बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या. एकही घेतलेली नव्हती. "कपाटात साड्यांखाली मिळाल्या. तिकिटं काढली त्याच आठवड्यात आणून ठेवल्या होत्या तिनं. मला बोलली नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "चाळीस वर्षं मी तिच्यापुढं घोकत होतो ना, एकदा बोटीनं जायचंय म्हणून."

मी दरवर्षी वर्गात आनंदीबाई जोशांविषयी बोलते. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले त्यांचे चरित्र मुलींना वाचायला लावते. १८८३ साली अठरा वर्षांची मुलगी नवऱ्याला मागे ठेवून कलकत्त्याहून निघते आणि जवळजवळ दोन महिन्यांनी न्यूयॉर्कला पोचते, केवढे धैर्य! ते आहेच. पण साड्यांच्या घडीखाली गोळ्यांची पट्टी ठेवून गप्प बसणारी पंचाहत्तरीची बाई माझ्याच घरात होती. तिच्यावर कोण चरित्र लिहिणार?

त्या रात्री अमावास्या होती. बोटीचे दिवे चुकवून आम्ही पुढच्या टोकाशी गेलो. एवढे तारे मी पाहिले नव्हते, आणि बाबांना एवढे बोलताना ऐकले नव्हते. डबा गोदीत पोचवताना आई गेटवरच्या शिपायाशी कशी भांडली, तिने पहिला रेडिओ कुणाला न विचारता कसा आणला, असे काय काय. मिळालेला तास कुठे गेला ते मला कळले नाही. उरलेल्या दोन दिवसांतल्या फेऱ्या वहीत मांडायच्याही राहून गेल्या.

१५ नोव्हेंबरला, भाऊबिजेच्या सकाळी, बोट फ्लॉरिडाला लागली. पासपोर्टाचे सोपस्कार आटोपून बाहेर यायला आठ वाजले. भावाने वाकून नमस्कार केला, सामान गाडीत टाकले आणि बाबांच्या मनगटाकडे पाहून म्हणाला, "बाबा, घड्याळ लावायचं राहिलंय तुमचं. साडेसहा दाखवतंय."

"बरोबर आहे ते," बाबा म्हणाले. "अर्धा तास आहे अजून. तुझं घर किती लांब आहे?"