ट्रॅक्टर घेताना आबाजींनी विचारलेला प्रश्न



आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात ट्रॅक्टर-ट्रॉली नाही असे गाव सापडणार नाही. संत्रा, कापूस, शेणखत, विटा, आणि वेळ पडली तर लग्नाचे वऱ्हाडसुद्धा ट्रॉलीतूनच जाते. आमच्या घरीही ट्रॅक्टर आहे. तो घेताना काय पाहायचे, हे मात्र आम्हाला एका अपघाताने शिकवले. ती हकिकत मुलांच्या उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून लिहितो आहे.

तेव्हा आमच्याकडे स्वतःचा ट्रॅक्टर नव्हता. संत्र्याच्या बागेसाठी शेणखत हवे होते आणि ते छिंदवाड्याकडच्या एका गावात स्वस्त मिळत होते. गावातलाच एक ट्रॅक्टर भाड्याने ठरवला. खत भरून आम्ही परत निघालो. सौंसरहून छिंदवाड्याला जाताना रामाकोना सोडल्यावर सिलेवानीचा घाट लागतो. जाताना तो चढाव असतो, येताना उतार. मी चालकाच्या शेजारी मडगार्डवर बसलो होतो. तसे बसू नये हे आज कळते.

उतार सुरू झाला तसे चालकाने डिझेल वाचवण्यासाठी ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये टाकला. वेग वाढू लागला. वळण दिसताच त्याने ब्रेक दाबला, पण मागची भरलेली ट्रॉली थांबायला तयार नव्हती. तिने मागून असा रेटा दिला की ट्रॅक्टर रस्त्यावर आडवा झाला आणि ट्रॉली बाजूने पुढे येऊ लागली. सुदैवाने वळण डोंगराच्या बाजूला होते. ट्रॅक्टरचे तोंड मातीच्या दरडीला जाऊन भिडले. दोघांनाही खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. दुसऱ्या बाजूला दरी होती. कितीतरी वेळ आम्ही दोघेही एक शब्द बोललो नाही.

घरी आल्यावर बाबांना सारे सांगितले. माझी मुले त्यांना आबाजी म्हणतात. ते रागावले नाहीत. एवढेच विचारले, "गाडी कोनत्या गेरात होती?" न्यूट्रलमध्ये होती असे सांगताच म्हणाले, "म्हंजे बैल सोडून देल्ले अन् बंडी उतारावर लोटली!"

मग त्यांनी जुन्या काळातली बैलांची निवड सांगितली. बाजारात जोडी घेताना चढावर कशी ओढते हे सगळेच पाहत. जाणता माणूस मात्र ती जोडी उतारावर नेऊन पाही. उतारावर बंडी बैलांच्या अंगावर येते. तेव्हा पाय रोवून, मान ताठ ठेवून तिला थोपवून धरणारा बैल खरा. जो घाबरून पळत सुटतो, तो कितीही जोमाचा असला तरी घरात आणू नये. उतार फार असला तर बंडीच्या मागे झाडाची जड फांदी बांधत आणि ती घासत नेत, म्हणजे बंडीला आपोआप रोध होई.

त्या वर्षी आम्ही स्वतःचा ट्रॅक्टर घ्यायचे ठरवले. माझा मुलगा तेव्हा बी. एस्सी. करीत होता. त्याने वहीत तीन ट्रॅक्टरांचे तक्ते केले. त्याचे मन पन्नास हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरवर बसले होते. एक हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ७४६ वॅट, हे तुम्ही विज्ञानात शिकता. दुकानातील तरुण विक्रेत्यानेही अमुक टन ओढतो, तमुक टन ओढतो, असे आकडे सांगितले. बाबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "भाऊ, हे वढते किती थे सांगतलं. उतारावर धरते कोन, थे सांग."

विक्रेता गोंधळला. त्याने आतून वयस्क मिस्त्रींना बोलावले. त्या गृहस्थांनी जे समजावले ते मी आजवर विसरलो नाही. चाळीस-पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा असतो. मागे चार-पाच टनांची ट्रॉली जोडली तर दुप्पट वजनाचा गडी मागून ढकलतो आहे असे समजा. इंजिनाची ताकद ओढण्याच्या कामाची. थांबवण्याचे काम ब्रेक, टायरची पकड आणि ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन करते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर जवळजवळ चौपट होते. म्हणून घाट ज्या खालच्या गिअरमध्ये चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवते. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. शेतात वळण्यासाठी ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल खिट्टीने जोडावेच लागतात. नाहीतर एकाच बाजूचा ब्रेक लागून ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

ओझे कसे भरावे हेही त्यांनी सांगितले. दोनचाकी ट्रॉलीत माल मागे जास्त झाला तर ती मागे झुकते आणि ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होऊन पकड सुटते. सगळा माल पुढे भरला तर ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाते आणि स्टिअरिंग नीट लागत नाही. बाबा हसून म्हणाले, "पहिली झाली उलार, दुसरीत जू जड!" बंडीचेच शास्त्र होते ते, फक्त बैलांच्या जागी लोखंड आले होते.

योगायोग असा की त्याच सुमारास अमेरिकेत राहणारा माझा पुतण्या तिथे पिकअप ट्रक घेत होता. तिकडे बरीच कुटुंबे सुटीत चाकांवरचे घर, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर, पिकअपला जोडून फिरायला जातात. फोनवर त्यालाही बाबांनी तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "आबाजी, जाहिरातीत ओढण्याचा मोठा आकडा असतो. पण गाडीच्या दाराजवळच्या पट्टीवर दुसरा आकडा असतो, तो म्हणजे गाडी अंगावर किती वजन घेऊ शकते. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार जोडावर येतो. तो, आम्ही सगळे आणि सामान मिळून त्या आकड्यात बसायला हवे." तिकडच्या बहुतेक राज्यांत ठरावीक वजनापुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात, हेही त्याने सांगितले. बाबांना ते फार पटले. म्हणाले, "बराबर हाय. जो ढकलते, त्यानंच थांबाले शिकलं पायजे."

अखेर आम्ही पन्नासचा नव्हे, मधल्या ताकदीचा, वजनाने भरीव आणि तेलात बुडालेल्या ब्रेकचा ट्रॅक्टर घेतला. मुलगा दोन दिवस रुसला होता. पण कर्जाचा हप्ता बागेच्या उत्पन्नात बसणे तेवढेच गरजेचे होते. एका वर्षी गारपीट झाली तर तो हप्ताही मागून ढकलणाऱ्या ट्रॉलीसारखाच अंगावर येतो. वाचलेल्या पैशांतून आम्ही ट्रॉलीला वेगळे ब्रेक बसवून घेतले. ट्रॉलीच्या आतून मुलाने पिवळ्या रंगाची रेघ मारली. माल त्या रेघेच्या वर भरायचा नाही, हा नियम आजही पाळतो. दोन खेपा जास्त होतात, इतकेच.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतो. ट्रॅक्टर आला त्या वर्षी बाबांनी त्यालाही हळद लावली. मुलगा बॉनेटकडे बोट दाखवीत होता, पण बाबा खाली वाकले आणि त्यांनी ब्रेकच्या पेडलला बोट लावले.

मित्रांनो, आता तुमच्याशी दोन शब्द. शाळा सुटल्यावर चालत्या ट्रॉलीला मागून लटकू नका. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामधल्या दांडीवर कधीही बसू नका. तिथून पडलेला मुलगा थेट चाकाखाली येतो. पालकांना विनंती की जामसावळीला किंवा वऱ्हाडात जाताना ट्रॉलीत मुलांना बसवू नये आणि ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावावेत. संत्र्याच्या हंगामात अंधार पडल्यावर कितीतरी ट्रॉल्या दिव्याशिवाय उभ्या असतात आणि त्याच रस्त्याने आपली मुले सायकलने घरी येतात. विश्वस्त मंडळाने मनावर घेतले तर शाळेच्या मुलांच्या हातूनच गावातील ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याचा एक दिवस ठरवता येईल. पहिली ट्रॉली आमची आणतो.