थंड पाण्याचं गाव

2022 च्या ऑक्टोबरात लेकीच्या बाळंतपणासाठी मी नैरोबीला गेले. चातुर्मास संपल्याशिवाय एवढा प्रवास नको, असं जाऊबाईंचं म्हणणं होतं. पण बाळ काही पंचांग बघून येत नाही. डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळंतकाढ्याची पुडकी असं सगळं बांधून निघाले.

तिसऱ्या दिवशी लेकीला दवाखान्यात सोडून परत येताना गाडी थांबली. रस्त्याच्या मधल्या वाळक्या गवतात पंधरा-वीस गाई चरत होत्या, आणि शेजारी लाल चादर गुंडाळलेला एक म्हातारा काठीवर रेलून उभा. बेळगावच्या खडेबाजारात गाय आडवी आली तर मी मान वळवून बघायची नाही. पण या गाईंच्या बरगड्या मोजता येत होत्या.

"ही गुरं शहरात कशाला आणलीत?" मी ड्रायव्हरला विचारलं. हा मुलगा मसाई, काजियाडो भागातला. मला 'मामा' म्हणायचा. तिकडे बाईला आदरानं मामाच म्हणतात. पहिले दोन दिवस मला हसू आवरायचं नाही. तो म्हणाला, "मामा, या गावाचं नाव आमच्या भाषेतलं आहे. एन्कारे नैरोबी, म्हणजे थंड पाणी. आमची गुरं इथंच पाण्याला यायची."

1899 मध्ये तिथं रेल्वे पोचली आणि शहर वसलं. ती रेल्वे बांधायला हजारो मजूर आपल्या हिंदुस्थानातूनच नेले होते. त्याच्या थोडं आधी बुळकांडीनं मसाईंच्या गोठ्यांत दहातली एखादीच गाय शिल्लक ठेवली होती. बुळकांडी हा शब्द आमच्या घरात आजोबांच्या तोंडचा, म्हणून ऐकताना अंगावर काटा आला. (जगातून हा रोग गेला असं 2011 मध्ये जाहीर झालं. त्यासाठी जी लस सगळ्यात जास्त उपयोगी पडली, ती नैरोबीजवळच्या मुगुगा गावीच तयार झाली होती.) लोक असे खचलेले असताना 1904 आणि 1911 मध्ये इंग्रजांनी करार करून आधी रिफ्ट खोऱ्यातली आणि मग लायकिपियाची उत्तम कुरणं काढून घेतली आणि त्यांना दक्षिणेकडे सरकवलं.

उरलेली जमीन पुढं सामाईक होती. 1968 च्या कायद्यानं ती गटांच्या नावावर झाली, मग तिचे तुकडे पडले, ज्याचा त्याला सातबारा मिळाला म्हणा ना. अडचणीत सापडला की माणूस तुकडा विकतो. घेणारा तार ओढतो. किटेंगेलाच्या बाजूला गेलो तेव्हा मैलभर नुसती कुंपणं, नवे बंगले, वाण्याची दुकानं. दुष्काळ त्यांना नवा नव्हता. पूर्वी जिकडं ढग दिसेल तिकडं गुरं हाकायची. आता ढग दिसतो, पण वाटेत तार असते. त्यात वर्षाचे दोन पावसाळे, आणि लागोपाठ चार कोरडे गेलेले. मी तिथं असताना पाचवाही गेला.

बाळ दहा दिवसांचं झालं तेव्हा ड्रायव्हरनं मला त्याच्या मावशीकडं नेलं. माझ्याच वयाची असेल. दारात मण्यांच्या माळा विकायला मांडलेल्या. चाळीस गाईंतल्या सहा राहिल्या होत्या. मसाईंत गाय पुरुषाची असली तरी दूध बाईचं. कुणाला किती द्यायचं, किती विकायचं, हे तीच ठरवते. तिनं आतून भोपळ्याचा बुधला आणून माझ्या नाकाशी धरला. रानजैतुनाच्या निखाऱ्यानं आतून धुरी दिलेला. माझी आजी दुधाचं गाडगं उन्हात तापवल्याशिवाय त्यात धार काढू द्यायची नाही. या बुधल्याला धुराचा वास होता, दुधाचा नव्हता. दोन महिन्यांत त्यात दूध पडलंच नव्हतं, तरी ती धुरी देत होती.

खरं सांगते, मनात अढी ठेवूनच मी गेले होते. हे लोक गाईच्या मानेतून रक्त काढून पितात, हे मी वाचलं होतं. तिनंच सांगितलं, शीर अलगद उघडतात आणि मग बंद करतात, गाय मरत नाही, मारणं क्वचितच. मला ते पटलं असं नाही. पण सरकार मरणपंथाला लागलेली गुरं विकत घेऊन कापतं आणि मांस वाटतं, हे सांगताना ती बाई ओठ घट्ट मिटून मण्यांच्या माळा सारख्या करत बसली. तिनं दोन दिल्या होत्या. मी मनात म्हटलं, आपण नसतं केलं असं.

रात्री आईला फोन केला. आमचं माहेर अथणी तालुक्यातलं, बाहत्तरच्या दुष्काळात मी पाच वर्षांची. आजोबांनी बैलजोडी छावणीत सोडली, एवढं मला माहीत. तेच मी आईला म्हणाले, की आपल्याकडं निदान छावण्या तरी होत्या.

आई गप्प झाली. मग म्हणाली, "छावणी कुठली गं. विकले बैल. घेणारा त्यांचं काय करणार, ते त्यांना ठावं होतं. घरात सात माणसं होती."

बैल गेल्यावर आजोबांनी बारा वर्षं दूध-तूप तोंडात घातलं नाही. सणालासुद्धा कोरडी पोळी. आम्ही मुलं समजायचो, रसत्यागाचं व्रत आहे. मंदिरात लोक त्यांचं कौतुक करायचे आणि आजोबा तिथून उठून जायचे.

त्या मावशीबद्दल मी मनात काय म्हटलं होतं, ते मला त्या रात्री फार लागलं. सकाळी उठून लेकीसाठी दूध तापवलं, ते उतू गेलं.

मी डिसेंबरात परत आले. पुढं मार्चमध्ये लेकीचा फोन आला, इकडं पाऊस सुरू झाला म्हणून. बाळ पालथं पडायला लागलं होतं, त्याचं कौतुक ऐकून घेतलं आणि मग विचारलं, ड्रायव्हरला मावशीच्या गाईंचं विचार. दोन दिवसांनी तिचा निरोप आला. तीन राहिल्यात, त्यातली एक गाभण आहे.