कोण कोणावर उभं आहे

अग्निशमन दलाच्या नव्या जवानांना इमारत फळ्यावर शिकवता येते. भारवाही भिंतींची, लाकडी सांगाड्याची, लोखंडी सांगाड्याची, आरसीसीची. पाया, खांब, तुळई, जिना, छप्पर. दोन तास पुरतात, पोरं वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत बरोबर लिहितात. पण गिरगावापासून लालबागपर्यंत फळ्यावरची इमारत जशीच्या तशी क्वचितच सापडते. शंभर वर्षांत प्रत्येकीत कोणी ना कोणी हात घातलेला असतो. कुणी भिंत काढली, कुणी पोटमाळा चढवला, कुणी गॅलरी बंद करून तिथं मोरी केली. म्हणून मी पोरांना रविवारी सकाळी गिरगावात घेऊन जातो. इमारत बघायची ती आग नसताना. वर्दी आल्यावर पोचतो तेव्हा दिसतो तो धूर.

तिथं मी एकच प्रश्न विचारतो: इथं कोण कोणावर उभं आहे? वरून सुरुवात करायची. मंगळुरी कौलं रिपांवर, रिपा वाशांवर, वासे आढ्यावर आणि भिंतीवरच्या पाटावर. मजल्याची फळी कडीवर, कडी तुळईवर, तुळई खांबावर, खांब खालच्या खांबावर, असं करत जोत्यापर्यंत यायचं. साताऱ्या-सांगलीकडच्या पोरांनी गावाकडे वाडे, माळवदं पाहिलेली असतात, त्यांना हे पटकन उमगतं. फ्लॅटमध्ये वाढलेल्या पोराला कडीपाटाला हात लावून दाखवावं लागतं. वाट कुठंतरी तुटते, ती शोधायची. दुसऱ्या मजल्यावरचा खांब तळमजल्यावर दिसत नाही. तिथं दुकान आहे, दुकानदाराला रुंद दर्शनी भाग हवा होता, खांब गेला आणि त्याच्या जागी आडवा गर्डर आला. म्हणजे वरच्या तीन मजल्यांचा भार आता त्या गर्डरवर आहे, आणि गर्डर दुकानाच्या छताच्या पीओपीमागं झाकलेला आहे. उद्या आग त्या दुकानात लागली तर सगळ्यात आधी काय तापेल, हे पोरानं स्वतः सांगेपर्यंत आम्ही तिथून हलत नाही.

ठाकुरद्वारच्या बाजूला एखाद्या चाळीत गणवेशातली दहा-बारा पोरं घेऊन शिरलं की गॅलरीतून हमखास विचारणा होते, "म्हाडाचे का हो तुम्ही?" लोक वर्षानुवर्षं पुनर्विकासाची वाट बघत असतात. "नाही आजी, बंबवाले." "अगो बाई! कुठं लागली?" मग समजूत काढायची, पाणी प्यायचं आणि आजींनाच विचारायचं. कुठली पायरी हलते, कुठल्या खोलीचं दार पावसाळा सरला तरी अडकतं, वरच्यांची मोरी कुठं गळते. चाळीत आयुष्य काढलेल्या बाईला इमारतीची नाडी जेवढी ठाऊक असते तेवढी आराखड्यात नसते. अडकणारं दार म्हणजे बहुधा चौकट कलली आहे, चौकट कलली म्हणजे वरची तुळई खचत असू शकते. गळणारी मोरी म्हणजे तुळईचं भिंतीतलं टोक कुजत असू शकतं. मुंबईचा पाऊस आणि वाळवी या दोघांनी आगीच्या आधीच तिथं काम करून ठेवलेलं असतं.

पोरांचा एक समज मात्र आधी काढावा लागतो. लाकूड म्हणजे पेटणार आणि पडणार, लोखंड म्हणजे टिकणार, असं त्यांना वाटतं. जाड सागवानी खांब बाहेरून आत हळूहळू जळतो, मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटर. वर जमणारा कोळशाचा थर आतल्या लाकडाला पांघरुणासारखा जपतो. फूटभर जाडीचा खांब चारी बाजूंनी तासभर जळला तरी मधलं साडेनऊ इंच लाकूड शाबूत राहू शकतं. कडी मात्र तीन-चार इंचांची आणि फळी इंचभराची. त्यांच्याकडे एवढी शिल्लक नसते. म्हणून लाकडी चाळीत बहुतेकदा खांबाआधी मजला जातो. आणि खांब धडधाकट असला तरी त्याला आणि तुळईला जोडणारी पट्टी, खिळा, खोबण यांचं काय? मोठं लाकूड तग धरतं, सांधा सुटतो.

लोखंडाचं वागणं याच्या उलट. ते पेटत नाही, पण ५५० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची ताकद निम्म्यावर येते, आणि घरात भडकलेली आग तो आकडा सहज ओलांडते. पाच मीटरचा गर्डर ५०० अंशांनी तापला की तीन सेंटिमीटर लांब होतो. तेवढी मोकळी जागा भिंतीत कुणी ठेवलेली नसते. मग तो एक तर स्वतः वाकतो, नाही तर भिंतीला बाहेर ढकलतो.

हे दोन स्वभाव वेगवेगळे असते तर शिकवणं सोपं होतं. आमच्या भागात ते एकाच इमारतीत नांदतात. १९६९ च्या कायद्यानं मुंबई शहरातल्या जुन्या भाड्याच्या इमारतींवर उपकर बसवला आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी मंडळ नेमलं. तेव्हा मोजलेल्या १९,६४२ इमारतींपैकी बहुतेक १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, म्हणजे 'अ' वर्गातल्या. त्या दुरुस्त्यांनी हजारो कुटुंबांच्या डोक्यावरचं छप्पर टिकवलं, हे आधी सांगायला हवं. पण दुरुस्ती झाली ती तुकड्यातुकड्यानं. कुजलेला खांब निघाला, तिथं लोखंडी आला. शेजारचा सागवानी तसाच राहिला. फळ्यांचा मजला गेला, त्या जागी गर्डरवर लादी-कोबा आला. खोलीत उभं राहिलं तर पायाखाली सारखीच फरशी दिसते. अर्धी कडीपाटावर आहे आणि अर्धी लोखंडावर, हे खालच्या मजल्यावर जाऊन वर बघितल्याशिवाय कळत नाही. आणि खालच्यानं पीओपी मारलं असेल तर तेही नाही. लादी-कोब्याचा मजला आधीच जड, गर्डर वाकला की लादी सटकते आणि सगळा भार एकदम खालच्या मजल्यावर येतो. त्यात कुठंतरी टेकू. टेकू दिसला की मी पोरांना सांगतो, हा नीट बघून ठेवा. इमारतीनं आपल्याला आधीच सांगितलं आहे की तिला इथं दुखतं.

९ मे २०१५ च्या संध्याकाळी काळबादेवीत जुन्या हनुमान गल्लीतल्या गोकुळ निवासला आग लागली. जुनी, लाकडी सांगाड्याची इमारत. रहिवासी बाहेर निघाले. आग विझवण्याचं काम चालू असताना इमारतीचा भाग कोसळला. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी त्यातून परत आले नाहीत. उपप्रमुख सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर गंभीर भाजले होते; त्याच महिन्यात दोघंही गेले. दलाचा सर्वोच्च अधिकारी गल्लीत, जवानांच्या सोबत, पेटत्या इमारतीपाशी उभा होता. ही नावं घेताना माझा आवाज अजून स्थिर राहत नाही, आणि राहावा असं मला वाटतही नाही. पोरांना मी त्या गल्लीत नेतो. भाषण करत नाही. तोंडापासून शेवटापर्यंत चालत न्यायचं, दोन्ही बाजूंच्या इमारती दाखवायच्या, मग गल्लीची रुंदी पावलांनी मोजायला लावायची.

त्याचं कारण आहे. पुस्तक सांगतं की इमारत कोसळण्याची शक्यता वाटली तर तिच्या उंचीच्या दीडपट अंतरावर मागं सरा. चार मजल्यांची चाळ धरा ४५ फूट उंच, म्हणजे ६७ फूट मागं. काळबादेवीच्या, गिरगावच्या गल्ल्या १०-१५ फुटांच्या. मागं सरलात तर समोरच्या भिंतीला पाठ लागते, आणि ती भिंतही तेवढीच जुनी. मग उभं कुठं राहायचं? इमारतीच्या कोपऱ्याच्या रेषेत, तिरकं. दर्शनी भिंत बाहेर पडते ती समोर पडते, कोपऱ्याच्या तिरक्या बाजूला मलबा त्या मानानं कमी येतो. किंवा पाणी मारायचं ते पलीकडच्या इमारतीच्या जिन्यातून, गच्चीवरून. हे सगळं आग लागल्यावर ठरवायचं नसतं. पलीकडच्या जिन्याला कुलूप असतं का, किल्ली कोणाकडे असते, गल्लीच्या तोंडाशी स्कूटरी किती लागतात, गणपतीत मंडपाचे वासे कुठवर येतात, हे रविवारी बघून ठेवायचं.

पाण्याचं वजनही पोरांच्या लक्षात येत नाही. पाणी म्हणजे आपला मित्र, अशी त्यांची भावना. नळीच्या एका ब्रँचमधून मिनिटाला ४०० लिटर धरलं तर दहा मिनिटांत चार टन पाणी त्या मजल्यावर गेलं. त्यातलं किती बाहेर आलं? जिन्यावरून, गॅलरीच्या पन्हळीतून पाणी धो धो येत असेल तर ठीक. येत नसेल तर ते वर साठतं आहे, कोबा पितो आहे, कापडाचे गठ्ठे, गाद्या पीत आहेत. खाली उभ्या असलेल्या जवानानं ज्वाळेइतकंच लक्ष या पाण्याकडे ठेवायचं. भिंतीच्या फटीतून धूर यायला लागला, गिलावा खपल्यांनी सुटू लागला, लाकडाची कुरकुर थांबून कडकड सुरू झाली, तर वरच्या साहेबाला वायरलेसवर सांगायचं. नवा जवान बोलायला बिचकतो. त्याला वाटतं, साहेबांना दिसलं असेलच. वर धुरात असलेल्या साहेबाला काहीही दिसत नाही. माझ्या मते या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आत शिरण्याचं नाही. आत कोणी अडकलेलं नाही याची खात्री झाल्यावर वेळेत बाहेर येण्याचं आहे, आणि त्याची पहिली सूचना बहुधा सगळ्यात धाकट्या माणसाला मिळते.

गिरगावातून पुढं डिलाइल रोडला, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीत पोरं आली की सुटकेचा श्वास सोडतात. १९२० ते २५ या काळात मुंबई सरकारच्या विकास विभागानं बांधलेल्या या चाळी. वरळी, नायगाव, शिवडी आणि इथं मिळून २०७. काँक्रीटच्या, तळमजला अधिक तीन, खोली १६० चौरस फुटांची. आता एकेक पाडून तिथं टॉवर उभे राहत आहेत. एका खोलीतली आग इथं बहुधा त्या खोलीतच राहते. पण गिरगावच्या चाळीला बाहेरून उघडी गॅलरी असते, धूर तिथून निघून जातो. बीडीडीला मधोमध बंदिस्त बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या. एक दार उघडलं की धूर बोळात, आणि मग प्रत्येक दाराशी. लाकडी चाळ पडण्याची भीती, काँक्रीटच्या चाळीत गुदमरण्याची. बांधकाम जितकं पक्कं तितका माणूस सुरक्षित, असा हिशेब लागत नाही.

दादरबद्दल थोडक्यात सांगतो. शिवाजी पार्क, हिंदू कॉलनीकडच्या तीन-चार मजली जुन्या इमारती मला आवडतात; खोल्या हवेशीर, जिने चढायला सुखाचे. लिफ्ट मात्र बऱ्याच ठिकाणी जिन्याच्याच पोकळीत, जाळीच्या दाराची. तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत आग लागली की ती पोकळी धुराडं होते. शिवाय समुद्राच्या हवेनं सळ्या गंजतात, छज्जे सुटतात. तापलेल्या छज्ज्याखाली उभं राहायचं नाही.

परळ-लालबागला गिरण्या होत्या. बिडाचे खांब, जाड लाकडी तुळया, तेल प्यालेली जमीन, वर करवतीच्या दात्यांचं छप्पर. बीड दाबाला भक्कम पण ठिसूळ. लोखंड वाकून सूचना देतं, बीड तीही देत नाही. तापलेल्या बिडावर एकदम गार पाणी पडलं तर ते तडकू शकतं. त्या गिरण्यांच्या आवारात आता कचेऱ्या आणि उपाहारगृहं आहेत. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि १४ माणसं गेली, बरीचशी स्वच्छतागृहात सापडली. तिथं खालची इमारत कोसळली नाही. वर बांबू आणि ताडपत्रीसारखं आच्छादन होतं, तेवढं पुरलं. तेव्हापासून मी पोरांना सांगतो की मान वर करा. गच्चीवर जे काय चढवलं आहे तेही बांधकामाचाच भाग समजा.

टॉवरांचं शिक्षण वेगळं आणि मोठं आहे, इथं एवढंच. २२ ऑगस्ट २०१८ ला परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये चार माणसं गेली. वायरींच्या उभ्या पोकळीतून धूर मजल्यामागून मजले चढला. प्रत्येक मजल्यावर ती पोकळी न जळणाऱ्या मालानं बंद केलेली असायला हवी. रंगरंगोटी, सजावट यांवर खर्च करणाऱ्या सोसायटीला या एका गोष्टीचं महत्त्व पटवणं मला चाळीतल्या आजींशी बोलण्यापेक्षा कितीतरी जड जातं. पोरांना मी त्या पोकळीचं, म्हणजे डक्टचं, दार उघडून टॉर्च वर मारायला लावतो. उजेड तीन-चार मजले वर गेला तर धूरही जाणार.

फेरीनंतर प्रत्येक पोरानं एका इमारतीचं चित्र काढायचं असतं. दर्शनी भाग नको, उभा छेद हवा: कुठं लाकूड, कुठं लोखंड, कुठं माहीत नाही. 'माहीत नाही' असं लिहिणाऱ्याला मी जास्त गुण देतो. ही चित्रं त्या हद्दीच्या केंद्रावर ठेवावीत, पाळीवर आलेल्या प्रत्येक अधिकाऱ्यानं ती चाळावीत, अशी माझी जुनी मागणी आहे. चित्र वर्षभरात शिळं होतं. पावसाळ्यात नवे टेकू लागतात, एखादा भाडेकरू भिंत सरकवतो, एखादी गॅलरी ॲल्युमिनियमच्या खिडक्यांनी बंद होते. त्यामुळं पुढची तुकडी आली की त्याच वाडीत, त्याच चाळीत पुन्हा जायचं, जुनं चित्र हातात घेऊन, आणि काय बदललं ते लाल पेन्सिलीनं लिहायचं. या खेपेला फणसवाडीची पाळी आहे.